आंबेदऱ्यातल्या घरांना उंबरठा का नाही

टाकं बघून झालं ना? मग आता गावातून खाली उतरताना घरांच्या दारांकडे बघत चला. कौलारू घर बघा, स्लॅबचं बघा, जुनं बघा, परवा वास्तुशांत झालेलं बघा. चौकटीला दोन बाजूंचे खांब आहेत, वर गणेशपट्टी आहे, खाली मात्र काही नाही. दाराबाहेरची जमीन तशीच सरळ घरात जाते. आंबेदऱ्यात एकाही घराला उंबरठा नाही. पावसाळ्यात पाणी आत येतं, विंचू-काटा येतो, बाहेरगावचा गवंडी आला की डोक्याला हात लावतो. त्याला समजावून सांगावं लागतं, बाबा, तू चौकट तीन बाजूंचीच कर, आमचं आम्ही बघतो.

याची हकिगत कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. मला माझ्या आजोबांनी सांगितली, त्यांना त्यांच्या चुलत्यांनी. तीनशे वर्षं झाली म्हणतात, कोणी साडेतीनशेही म्हणतं.

तुम्ही पाहिलंत ते टाकं तेव्हा मानाजी तळपे नावाच्या माणसाच्या जमिनीत होतं. डोंगरातून झरा येतो, तो कातळात साठतो आणि तिथून पाटानं पुढे जातो. पाटाच्या तोंडाशी एक दगड होता. तो लावलेला असला की पाणी मानाजीच्या शेतांत जायचं, सरकवला की डोंगराच्या उतारावरून खाली. खाली कोरडवाडी. तिथं दसोजी भोईटे हा मोठा शेतकरी. जमीन काळीभोर, पण पाणी नाही. उन्हाळ्यात तिथल्या बायका हंडे घेऊन हा डोंगर चढायच्या. दिवसात दोन खेपा व्हायच्या, तिसरी होत नसे.

मानाजीला दोन मुली आणि एक मुलगा. थोरली अंबू. तिच्या लग्नात मानाजीनं टाक्याखालचं सगळ्यात चांगलं शेत आंदण दिलं. कागद मोठा केला होता म्हणे, त्यात सणवार होते, साडीचोळी होती, पोरीला सुखानं नांदवावं असंही होतं. पण शेत लग्नाच्या दिवशीच देऊन टाकलेलं. सासरच्यांनी तीन वर्षं कशीबशी काढली आणि एका दुपारी पोरीला तापात गाडीत बसवून पाठवून दिलं. ती गाठोडं घेऊन बापाच्या घराचा उंबरठा ओलांडून आत आली आणि महिन्याभरात माजघरातच वारली. शेत त्यांच्याकडेच राहिलं. पुढे वर्षभर मानाजी ओसरीवर बसून त्या उंबरठ्याकडे बघत राहायचा, असं सांगतात.

मग धाकट्या साळूचं लग्न ठरलं, दसोजीच्या मुलाशी, निळूशी. याद, म्हणजे लग्नातल्या देण्याघेण्याचा कागद, करायला पाच माणसं मानाजीच्या ओसरीवर बसली. कुलकर्ण्यांनी कागद पसरला. मानाजी म्हणाला, "लिहा. गावाला प्यायला लागेल तेवढं ठेवून टाक्याचं सगळं पाणी कोरडवाडीला दिलं."

दसोजीला हे एवढं अपेक्षित नव्हतं. त्यानं विचारलं, "किती दिवस?"

"माझी साळू तुमच्या घरात नांदते आहे तोवर. तिचे दिवस तुमच्याकडेच पुरे झाले, तर पुढे पाणी कायमचं तुमचं. पण ज्या दिवशी ती माझ्या घराचा उंबरठा ओलांडून आत येईल, त्या दिवशी पाणी बंद. पुन्हा मिळायचं नाही."

कुलकर्ण्यांची लेखणी थांबली. ते म्हणाले, "मानाजीराव, सणावाराचं काय? पहिल्या बाळंतपणाचं काय? तेवढं वगळून लिहू."

"काही वगळू नका. थोरलीच्या कागदात सगळं होतं. कोणी वाचलं? आता एकच गोष्ट लिहायची, आणि तिच्यातून कोणाला निसटता येता कामा नये."

दसोजी सरळ माणूस होता. तो म्हणाला, "आम्ही सुनेला परत पाठवणार नाही, त्यामुळे मला ही अट जड नाही. फक्त एवढं घाला, की या कारणाखेरीज दुसऱ्या कुठल्या कारणानं पाणी तोडायचं नाही. आणि कागद बदलायचा झाला तर दोन्ही घरांच्या कर्त्या माणसांनी मिळून बदलायचा."

तेही लिहिलं. दोघा बापांनी एकमेकांना मिठी मारली. एकाला वाटलं, पोरीला आता कोणी हात लावणार नाही. दुसऱ्याला वाटलं, गावातल्या बायकांचा डोंगर सुटला. दोघांचंही खरंच होतं.

साळूची आई भिवरा दाराआड उभी राहून हे ऐकत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. माणसं गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "मग दिवाळीला ती येणार कशी?"

 मानाजीच्या खरोखरच मनात ते आलं नव्हतं. उंबरठा ओलांडून लेक येते म्हटलं, की त्याच्या डोळ्यांपुढे ती एकच दुपार यायची. शेवटी म्हणाला, "दसोजी काही परका नाही. वर्षभर जाऊ दे, पोर रुळू दे. मग दोघं मिळून कागद बदलू."

लग्न झालं. पाटाचा दगड सरकवला आणि पाणी खाली गेलं. त्या वर्षी कोरडवाडीत पहिल्यांदा उन्हाळी भाजी पिकली. साळूला तिथं लोक 'पाण्याची सून' म्हणायला लागले. नवरा भला होता, सासरा तिला नाव घेऊन हाक मारायचा, घरात तिच्या शब्दाला मान होता.

पहिली दिवाळी आली. साळू माहेरी आली ती अंगणातच थांबली. भिवरानं अंगणात चार काठ्या रोवल्या, त्यांना लुगडी बांधून आडोसा केला आणि तिथं लेकीला तेल लावून न्हाऊ घातलं. जेवायचं पानही बाहेरच मांडलं आणि स्वतः तिच्याशेजारी बसून जेवली. मानाजीला ते बघवेना. तो उठून शेतावर गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं दसोजीला निरोप धाडला, अक्षय्य तृतीयेला कुलकर्ण्यांना घेऊन या, कागद बदलू. दसोजीनं हो म्हणून कळवलं.

फाल्गुनात मानाजीला साप चावला. अक्षय्य तृतीयेला तो नव्हता.

घराचा कर्ता आता साळूचा भाऊ, रायाजी. त्यानं दसोजीला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, "वडिलांनी लिहिलेलं मी कसं खोडू? त्यांचा शब्द आहे तो."

दसोजी म्हणाला, "तुझ्या वडिलांनीच मला बोलावलं होतं, बाबा. हवं तर निम्मं पाणी ठेव. पण पोरीला घरात येऊ दे."

"येऊ दे की. मी कधी अडवलं?" रायाजी म्हणाला.

त्याच्या मनात काय होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याला वरच्या शेतांत हळद लावायची होती. निम्म्या पाण्यावर त्याचं भागणार नव्हतं, त्याला सगळंच पाणी परत हवं होतं, आणि ते परत मिळायला त्याच्या बहिणीचं एक पाऊल पुरेसं होतं.

त्यानंतर साळू जेव्हा जेव्हा यायची, तेव्हा रायाजी दारात उभा राहून हसून म्हणायचा, "साळू, आत ये. आपलंच घर आहे. उन्हात काय बसलीस?" सख्खा भाऊ आत बोलावतो आहे आणि बहीण मान खाली घालून अंगणात बसली आहे. नवख्या माणसाला वाटावं, या बाईलाच काय एवढा ताठा.

घरी गेल्यावर एकदा तिनं सासऱ्याला विचारलं, "मामंजी, मी गेले आत, तर काय होईल?"

दसोजीनं तिला समोर बसवलं. मग म्हणाला, "तुला कोणी बोलणार नाही. मी तर नाहीच. पण चाळीस घरांच्या बायका पुन्हा हंडे घेऊन डोंगर चढतील, आणि त्यांत तूही असशील."

पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

अशी अकरा वर्षं गेली. साळूला तीन मुलं झाली, तिन्ही बाळंतपणं सासरीच. भिवरा प्रत्येक वेळी डोंगर उतरून गेली, पुढेपुढे काठी टेकत गेली, मग गुडघ्यांनी तिला उतरू दिलं नाही. साळूची मुलं मात्र आजोळच्या घरात खुशाल आत-बाहेर पळायची, चुलीपाशी बसून आजीच्या हातचं खायची. कागदात त्यांचं नाव नव्हतं. साळू बाहेरून विचारायची, "आईनं भिंत सारवली का रे? जात्यावरचं माझं फडकं अजून आहे?" मुलं सांगतील तेवढं तिला घर दिसायचं.

बाराव्या वर्षी पाऊस कमी झाला. खाली विहिरी आटल्या, कोरडवाडी सगळी या एका पाटावर आली. आणि चैत्रात भिवरा अंथरुणाला खिळली.

दसोजी तेव्हा म्हातारा झाला होता. त्यानं विहिणीला खाली आणायला डोली पाठवली. रायाजीनं ती परत पाठवली. "आईला मरायला लेकीच्या दारात धाडलं, असं लोक म्हणतील," एवढाच निरोप दिला. साळू पोरांना सासूपाशी ठेवून वर आली आणि अंगणात बसली.

रायाजीची बायको हौसा. ती सासूबद्दल नवऱ्याला म्हणाली, "आत्याबाईंना ओसरीवर आणू. उंबरठ्याच्या बाहेर. मायलेकी भेटतील."

"वैद्य हलवू नका म्हणालेत," रायाजी म्हणाला. वैद्य तसं खरंच म्हणाले होते की नाही, हे कोणाला सांगता येत नाही. पण त्यानं गावातल्या दोन वडीलधाऱ्या माणसांना बोलावून अंगणाच्या कडेला चिंचेखाली बसवलं. साळूचं पाऊल आत पडलं तर साक्षीला म्हणून आपल्याला बसवलंय, हे त्यांनाही कळत होतं. ती साळूकडे बघत नव्हती म्हणे.

माजघर आत, पुढच्या खोलीच्या मागं. बाहेरून आई दिसायची नाही, आवाज तेवढा यायचा. दोन दिवस साळूनं आईचा खोकला ऐकला. हौसा पाणी पाजत होती, तो भांड्याचा आवाज ऐकला. रायाजी मधूनमधून दारात यायचा आणि म्हणायचा, "साळू, आत ये. आई तुझीच आहे." आता तो हसत नव्हता. त्याचाही आवाज बसला होता, असं सांगतात. आई त्याचीही होतीच. पण पाण्यावरचा डोळा त्यानं काही काढला नाही.

तिसऱ्या दिवशी उन्हं तापायला लागली आणि आतून हाक आली, "साळू."

साळू उठली. पायऱ्या चढून ओसरीवर आली आणि उंबरठ्याशी उभी राहिली. चिंचेखालची दोन माणसंही उठून उभी राहिली. तिचा एक हात चौकटीवर होता. पाऊल उचललेलं होतं, असं त्या दोघांनी पुढे सांगितलं.

आतून भिवरा म्हणाली, "येऊ नकोस गं. तिथंच बस."

"आई, मला येऊ दे. पाण्याचं काय व्हायचं ते होईल."

"तीन लेकरं आहेत तुला. त्यांना काय पाजशील? बस खाली. तू आपली बोलत राहा, मला ऐकू येतंय."

साळू उंबरठ्याला टेकून बाहेरच्या बाजूला बसली आणि बोलायला लागली. काय बोलावं माणसानं अशा वेळी? ती घरातलंच बोलत राहिली. तांबडी गाय व्याली, कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. थोरल्याला दात आला तो वाकडा आला. सासूबाईंचे गुडघे तुझ्यासारखेच दुखतात, त्यांना एरंडाचं पान बांधते. परड्यातला शेवगा या वर्षी खूप लागला, तुझ्यासाठी शेंगा आणल्यात, वहिनीपाशी दिल्यात. तू शिकवलेली भाकरी मला अजून तुझ्यासारखी जमत नाही, कडा जाड राहतात. सुरुवातीला आतून "हं" असा हुंकार येत होता. मग तो लांबलांबून यायला लागला. साळू थांबली नाही. घसा सुकला तरी बोलत राहिली. लहानपणी टाक्यात पडले होते आणि तू लुगड्यासकट उडी घेतलीस, ते आठवतं का, असं तिनं विचारलं. उत्तर आलं नाही, तरी पुढे सांगतच राहिली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा हौसा बाहेर आली. ती खाली बसली आणि साळूचा हात धरून म्हणाली, "वन्सं, आता पुरे. मघापासून आत ऐकणारं कोणी नाही."

भिवराला बाहेर आणलं तेव्हा साळूला आईच्या अंगाला हात लावता आला. अंग गार झालेलं होतं. तिनं आईचे पाय चेपले, जसे ती लहानपणी चेपायची तसे. चिंचेखालची दोन माणसं चपला हातात घेऊन निघून गेली. त्यांच्यातल्या एकानं नंतर आयुष्यभर पंच म्हणून कुठं बसायचं नाकारलं.

दिवस झाले, तेरावा झाला. साळू त्या तेराही दिवसांत रोज डोंगर चढून यायची, अंगणात बसायची आणि परत जायची. चौदाव्या दिवशी सकाळी हौसानं पहार आणली. कोणाला काही न सांगता ती दाराशी बसली आणि उंबरठ्याखालची माती उकरायला लागली. शिसवी लाकूड होतं, दोन्ही बाजूंनी चौकटीत बसवलेलं. तिच्या हाताला फोड आले, पण ती उठली नाही. रायाजी ओसरीवर बसून बघत होता. तो अडवेल असं लोकांना वाटलं होतं. थोड्या वेळानं तो उठला, पहारीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून उंबरठा उपसून काढला. चौकटीला नुसती मोकळी जागा राहिली.

साळू आली तेव्हा हौसा तशीच मातीत बसलेली होती. ती म्हणाली, "कागदात उंबरठा लिहिलाय, वन्सं. आता उंबरठाच नाही. तुम्ही आत आलात तरी कोणी काही म्हणू शकत नाही." आणि मग तिचा बांध फुटला. "मला हे तेव्हा सुचलं नाही हो. तीन दिवस मी त्याच्यावरून ये-जा करत होते, आणि मला सुचलं नाही."

साळू दारापर्यंत गेली. तिथून तिनं आत पाहिलं. बारा वर्षांत तिनं ते घर असं निरखून पाहिलं नव्हतं. पुढची खोली, तिच्यापलीकडे माजघराचं दार, आणि आत रिकामी जागा.

"आता आत कोण आहे, वहिनी?" ती म्हणाली.

मग तिनं हौसाला उठवलं, तिच्या हातांवरची माती आपल्या पदरानं पुसली आणि म्हणाली, "राहू दे असंच. तुला लेक आहे. तिला लागेल."

ती आत गेली नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. रायाजी पुढे स्वतः कोरडवाडीला गेला, कुलकर्ण्यांना घेऊन गेला आणि कागदावरची अट खोडून पाणी कायमचं देऊन आला. वरच्या शेतांत त्यानं हळद कधीच लावली नाही. दर भाऊबीजेला साळू यायची, अंगणात पाट मांडायची, रायाजी घरातून बाहेर येऊन तिच्यासमोर बसायचा. म्हातारपणी एकदा त्यानं विचारलं म्हणे, "साळू, मला माफ केलंस का?" तिनं ओवाळणीचं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "दादा, ते मला नको विचारूस. मला अजून कळलेलं नाही." पुढच्या भाऊबीजेलाही ती आली.

उपसलेल्या लाकडाचं काय झालं, याबद्दल दोन मतं आहेत. कोणी म्हणतं, रायाजीच्या चितेत घातलं. कोणी म्हणतं, हौसानं त्याच दिवशी पाणी तापवायला जाळून टाकलं. मला दुसरं खरं वाटतं. हौसाच्या लेकीच्या लग्नात तिच्या व्याह्यांनी विचारलं, घराला उंबरठा का नाही, तेव्हा हौसानं सगळी हकिगत सांगितली. शेजारच्या घरातली बाई ऐकत होती. तिलाही लेक होती. वर्षभरात तिनं आपल्या घराचा उंबरठा काढायला लावला. मग पलीकडच्या घरानं काढला. असं करत सगळ्या गावाचे निघाले.

आम्ही तळपेच. रायाजीच्या वंशातले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दुसऱ्याच्या घरातली गोष्ट असती तर मी ती रायाजीला आणखी दोन शिव्या घालून सांगितली असती. माझ्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हा याद करायला मुलाकडची आणि आमची माणसं बसली होती. आमच्यात कागद लिहून झाला की तो पोरीच्या आईला वाचून दाखवतात आणि ती हो म्हणेपर्यंत कोणी सही करत नाही. माझ्या बायकोनं दोनदा वाचायला लावला. व्याही जरा कंटाळले. पण मी काही बोललो नाही.

टाक्याचं पाणी कोरडवाडीलाच जातं, नळ आले तरी जातं. आणि तिथली एखादी बाई आजही आंबेदऱ्यात कोणाकडे आली, तर ती आधी अंगणात बसते. आमच्या गावात तिला कोणी "आत ये" म्हणत नाही. घरातलं माणूस पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येतं आणि तिच्याजवळ खाली बसतं. घरातली ख्यालीखुशाली होते, गाईगुरांचं होतं, पोरांचं होतं. तिला वाटेल तेव्हा ती उठते आणि आत जाते. काही जणी जात नाहीत. त्यांना कोणी आग्रह करत नाही.